धुऱ्यावरचा आंबा वाचवू या
(जिल्हा मेळाव्यातील भाषण)



कपाशीवर बोंडअळी आली की आपल्याला झोप लागत नाही. पण धुऱ्यावरच्या आंब्याच्या बुंध्याशी भुसा पडलेला दिसला, तर आपण म्हणतो, झाड म्हातारं झालं. झाड म्हातारं झालेलं नसतं. त्याच्या पोटात भिरूड शिरलेला असतो. बोंडअळी एक हंगाम नेते. भिरूड आज्यानं लावलेलं झाड नेतो.

भिरूड म्हणजे लांब मिशांचा, राखाडी भुंगेरा. पावसाच्या सुरुवातीला तो बाहेर पडतो. मादी सालीच्या फटीत, जखमेत अंडी घालते. अळी लाकडात शिरते आणि वर्षभर, कधी त्याहून जास्त, आतल्या आत पोखरत राहते. वरची फवारणी तिथं पोचतच नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधेनं आपली माणसं गेली, हे आपण विसरलेलो नाही. ज्या फवाऱ्यानं कीड मरत नाही, त्यापायी जीव धोक्यात घालायचा नाही.

मग करायचं काय? ताजा भुसा ज्यातून पडतो ते भोक शोधायचं. तोंड साफ करून सायकलच्या चाकाची तार, टोक वाकवून, आत घालायची आणि अळी ओढून काढायची. हाती लागली नाही, तर पेट्रोलात भिजवलेला कापसाचा बोळा आत कोंबून भोक चिखलानं लिंपायचं. विडी तेवढी लांब ठेवा! आठ दिवसांनी पुन्हा पाहायचं. ताजा भुसा दिसला, तर पुन्हा तेच. वाळलेल्या, पोखरलेल्या फांद्या मृगाआधी छाटून, झाडापासून दूर नेऊन जाळायच्या.

यात आपलाही दोष आहे. पऱ्हाटी आणि धसकटं आपण धुऱ्यावरच पेटवतो, बुंधा भाजतो. ट्रॅक्टरचा फाळ खोड सोलतो. अशा जखमी, खचलेल्या झाडालाच भिरूड आधी धरतो.

आपल्याच शेतातला आंबा तोडायचा, तर १९६४ च्या राज्याच्या कायद्यानं आपल्याला परवानगी मागावी लागते. भिरुडाला कोणाची परवानगी लागत नाही. कापूस-ज्वारी बुडाली, त्या वर्षी याच झाडाच्या कैऱ्यांनी मिठामिरचीचा खर्च निघाला आहे. तेव्हा उद्या सकाळी शेतात गेल्यावर पिकाआधी बुंध्याकडे बघा.