घे म्हटलं की हात मागे



शिवजयंती तारखेची असो, म्हणजे १९ फेब्रुवारीची, की तिथीची, फाल्गुन वद्य तृतीयेची. पळणाऱ्या पोरांना दोन्ही चालतात. सिंधुदुर्ग किल्ल्यात राजाराम महाराजांनी बांधलेलं शिवराजेश्वराचं देऊळ आहे. तिथे शिवज्योत पेटवायची, होडीतून मालवण बंदरावर उतरवायची आणि कुंभारमाठ, चौके, कट्टा करत कसालला हायवेवर आणायची. अंतर तीस-पस्तीस किलोमीटर, चढउतार भरपूर. एकट्याचं हे काम नव्हे. म्हणून मागे टेम्पो, टेम्पोत दम खाणारी बाकीची मंडळी आणि मशाल या हातातून त्या हातात.

आता याच्याच शेजारी शाळेच्या क्रीडा महोत्सवातली रिले आठवा. फक्कीने आखलेले पट्टे आणि बाहेरून कोणाची तरी आई ओरडतेय, "फाटी बघू नको रे!" तिचं बरोबर आहे. ४ बाय १०० मध्ये घेणाऱ्याने मागे बघायचंच नसतं. देणारा जमिनीवरच्या खुणेशी आला की याने सुसाट सुटायचं, 'घे' ऐकू आलं की हात मागे करायचा आणि बॅटन हातात बसेपर्यंत तो हलवायचा नाही. पहिल्याने बॅटन उजव्या हातात धरली, तर दुसऱ्याने डाव्या, तिसऱ्याने पुन्हा उजव्या. म्हणजे पळता पळता हात बदलावा लागत नाही. हे सगळं ३० मीटरच्या पट्ट्यात उरकायचं. आणि पट्ट्यात असावी लागते ती बॅटन. पळणाऱ्याचे पाय कुठे आहेत, हे पंच बघत नाही.

या देवघेवीत किती वेळ वाचतो, ते जपानने २०१६ साली रिओला दाखवलं. त्यांच्या चौघांपैकी एकाच्याही नावावर तोवर १०० मीटरची दहा सेकंदांच्या आतली अधिकृत वेळ नव्हती. तरी ३७.६० सेकंदांत रौप्यपदक, अमेरिकेच्याही पुढे. त्यांनी बॅटन खालून वर देण्याची पद्धत घोटून घोटून बसवली होती. उलट २००८ ला बीजिंगमध्ये अमेरिकेच्या पुरुषांच्या आणि बायकांच्या, दोन्ही संघांची बॅटन प्राथमिक फेरीतच खाली पडली. पळण्यात ती माणसं कुठे कमी होती? आपल्याकडे सराव म्हटला की पोरांना मैदानाला फेऱ्या मारायला लावतात. बॅटन द्यायची-घ्यायची कशी, ते शिकवायला आदल्या दिवशीची संध्याकाळ!

ज्योतीचं गणित मात्र वेगळं. तिथे घड्याळ नाही, म्हणून घेणाऱ्याने खुशाल मागे बघावं, बघावंच. दोघांनी चार पावलं बरोबरीने पळायचं आणि दुसऱ्याची मूठ पक्की बसल्यावरच पहिल्याने सोडायचं. जुन्या अथेन्समध्ये तर वेग आणि ज्योत या दोन्ही गोष्टी एकाच शर्यतीत होत्या. प्रोमिथियसच्या वेदीपासून गावात मशाल पळवत न्यायची. पहिला आलास पण मशाल विझली, तर जिंकला दुसरा. ऑलिम्पियाहून ज्योत पळवत नेण्याचा सोहळा मात्र तेवढा जुना नाही. तो १९३६ च्या बर्लिनचा, हिटलरच्या राजवटीतला. आपण तो हजारो वर्षांचा समजतो.

जाता जाता ज्योत आणणाऱ्या मंडळांना एक सांगतो. रात्री पळणाऱ्याच्या अंगात चमकणाऱ्या पट्ट्यांचं जॅकेट घाला. टेम्पो त्याच्या मागे ठेवा, दिवे लावून. मशाल बदलायची ती वळणावर नको, सरळ रस्त्यावर, डांबर सोडून कडेला. आणि कसालला हायवेवर आलात की घोषणा थोड्या उशिरा द्या. आधी दोन्ही बाजूंच्या गाड्या थांबल्यात का, ते बघा.