संगणकाच्या खेळासाठीं पडदा कसा निवडावा ?



आजचा विषय वरवर पाहतां पोरकट वाटण्याजोगा आहे. संगणकावर खेळ खेळण्यासाठीं कोणता पडदा, म्हणजे बाजारच्या भाषेंत कोणता मॉनिटर, घ्यावा, हा तो विषय. परंतु ज्या घरांत दहा-पंधरा हजार रुपयांचा प्रश्न उभा राहतो, त्या घरांत तो पोरकट राहत नाहीं. सातपाटीचेंच उदाहरण घ्या. पालघर स्थानकाच्या पश्चिमेस असलेलें हें कोळ्यांचें गांव पापलेटासाठीं प्रसिद्ध आहे. त्या रुपेरी पापलेटास महाराष्ट्र शासनानें २०२३ सालीं राज्यमाशाचा मान दिला. तेथें १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, म्हणजे ६१ दिवस, मासेमारी बंद असते. आवक थांबते, जाळ्यांच्या आणि होड्यांच्या डागडुजीचा खर्च मात्र थांबत नाहीं. नेमक्या अशा वेळीं कॉलेजांत जाणारा मुलगा म्हणतो, "बाबा, मला १४४ हर्ट्झचा मॉनिटर पाहिजे." बोईसरच्या कारखान्यांतून किंवा तारापूरच्या अणुवीज केंद्रांत काम करणाऱ्यांच्या घरीं दरमहा पगार येतो, तरी हा प्रश्न त्यांनाहि चुकलेला नाहीं. बापाला वाटतें, जुना पडदा धडधाकट असतां हें खूळ कशासाठीं ? मुलाला वाटतें, बाबांना यांतलें कांहींच कळत नाहीं. दोघांच्याहि म्हणण्यांत थोडथोडें तथ्य आहे. तें किती, हें ठरविण्यासाठीं प्रथम हर्ट्झ म्हणजे काय तें पाहूं.

हाइनरिख हर्ट्झ हा जर्मन शास्त्रज्ञ. विद्युच्चुंबकीय लहरी त्यानें एकोणिसाव्या शतकाच्या नवव्या दशकांत प्रयोगानें सिद्ध केल्या. त्याच जातीच्या लहरींवरून आकाशवाणीचा आवाज घरोघर पोंचतो. दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांच्या मापाला पुढें त्याचें नांव मिळालें. आपल्या घरांतील वीज ५० हर्ट्झची आहे. पडद्याच्या बाबतींत या मापाचा अर्थ इतकाच कीं, त्यावरील चित्र सेकंदांतून किती वेळां नव्यानें काढलें जातें. साधा पडदा ६० हर्ट्झचा. म्हणजे त्यावर एक चित्र सुमारें १६.७ मिलिसेकंद टिकतें. १४४ हर्ट्झच्या पडद्यावर तेंच ६.९ मिलिसेकंद आणि २४० हर्ट्झच्या पडद्यावर ४.२ मिलिसेकंद टिकतें.

यावर कोणी विचारील कीं, बोलपटाला सेकंदास २४ चित्रें पुरतात, मग खेळाला १४४ कशाला ? शंका रास्त आहे. बोलपटाचें प्रत्येक चित्र घेतांना हलणारी वस्तु किंचित् पुसट उमटते, म्हणून एका चित्रांतून दुसऱ्यांत जातांना आपल्या डोळ्याला धक्का बसत नाहीं. शिवाय प्रेक्षक केवळ पाहणारा असतो. खेळांत तसें नाहीं. तेथें आपला हात हलतो आणि चित्रानें त्या हाताला उत्तर द्यावयाचें असतें. उत्तराला उशीर झाला तर तो हाताला जाणवतो. दुसरें असें कीं, आजचा पडदा पुढचें चित्र येईपर्यंत मागचें चित्र जसेंच्या तसें धरून ठेवतो. आपली दृष्टि मात्र हलत्या वस्तूमागून अखंड सरकत असते, आणि त्यामुळें ती वस्तु फराटल्यासारखी दिसते. समजा, एखादी आकृति सेकंदास ९६० बिंदूंच्या वेगानें पडद्यावरून जात आहे. ६० हर्ट्झला हा फराटा १६ बिंदूंचा होतो, १२० हर्ट्झला ८ बिंदूंचा, २४० हर्ट्झला ४ बिंदूंचा. तेव्हां मुलाचें म्हणणें खोटें नाहीं. फरक खरोखरच दिसतो.

आतां बापाच्या बाजूचा हिशेब. ६० वरून १४४ वर गेल्यानें प्रत्येक चित्रामागें सुमारें ९.७ मिलिसेकंद वाचतात. १४४ वरून २४० वर गेल्यानें वाचतात ते जेमतेम २.८. पैसे मात्र दुसऱ्या उडीला अधिक पडतात. पहिली उडी बहुतेक सर्वांच्या डोळ्यांना कळते. दुसरी स्पर्धेंत उतरणाऱ्या, हात बसलेल्या खेळाडूलाच उपयोगीं पडते. म्हणून मर्यादित पैसा असलेल्या घरानें १४४ ते १८० हर्ट्झ एवढ्यावर समाधान मानावें, असें माझें स्पष्ट मत आहे. आज या वेगाचे २४ इंची पडदे सुमारें दहा हजारांच्या आसपास मिळतात.

परंतु याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. पडदा चित्र दाखवितो. तें तयार करीत नाहीं. तयार करणारें यंत्र संगणकाच्या पेटींत असतें, त्याला ग्राफिक्स कार्ड म्हणतात. तें कार्ड सेकंदास ५० चित्रेंच काढीत असेल, तर १४४ हर्ट्झचा पडदा तींच चित्रें पुनःपुन्हां दाखवीत बसणार. कोळी जाळें घेतो तें कोणता मासा धरावयाचा हें ठरवून. बोंबील डोल जाळ्यांत सांपडतो, पापलेटासाठीं जाळें निराळें. तसेंच येथें. व्हॅलोरंटसारखा चढाओढीचा खेळ बेताच्या यंत्रावरहि सेकंदास शंभराहून अधिक चित्रें देऊं शकतो. तेथें वेगवान पडद्याचें चीज होतें. उलट, मोठमोठीं शहरें नि अरण्यें दाखविणारे कथात्मक खेळ त्याच यंत्रावर ४०-५० च्या पुढें जात नाहींत. म्हणून खरेदीपूर्वीं मुलाला एक काम सांगा. जो खेळ तो नेहमीं खेळतो, त्यांत दर सेकंदाचीं चित्रें मोजण्याची सोय बहुधा असतेच. ती चालू करून आठवडाभर आंकडे वहींत टिपून ठेवावे. आंकडा ६० च्या घरांत घोटाळत असेल, तर पैसा पडद्यावर न घालतां कार्डासाठीं सांठवावा, किंवा खेळांतील चित्राची सजावट कमी करून आंकडा वाढतो कीं काय, तें आधीं पाहावें. तो सतत शंभराच्या वर राहत असेल, तर मुलाची मागणी वाजवी आहे असें समजावें.

पडद्याचा आकार आणि त्याची बारकाई यांचाहि विचार याच दृष्टीनें करावा. १९२० गुणिले १०८० बिंदूंच्या चित्रांत सुमारें २०.७ लाख बिंदु असतात. २५६० गुणिले १४४० च्या चित्रांत ३६.९ लाख. म्हणजे कार्डावरील बोजा पावणेदोनपटींहून अधिक वाढतो. तेव्हां बेताच्या यंत्राला पहिलाच प्रकार बरा, आणि त्याला २४ इंचांचा पडदा शोभतो. तेवढेच बिंदु २७ इंचांवर पसरले, तर एका इंचांत ९२ च्या जागीं ८२ च येतात आणि अक्षरें भरड दिसूं लागतात. ज्या पडद्यावर संध्याकाळीं खेळ होणार, त्यावरच सकाळीं अभ्यास व्हावयाचा असतो, हें विसरूं नये.

पडद्याच्या कांचेमागील द्रवस्फटिकांच्या रचनेचे तीन प्रकार बाजारांत आढळतात. टी. एन्. हा जुना प्रकार वेगवान आणि स्वस्त. पण बाजूनें पाहिलें असतां त्याचे रंग उडतात. व्ही. ए. प्रकारांत काळा रंग गडद येतो. मात्र स्वस्त पडद्यांत अंधाऱ्या दृश्यांत हलत्या आकृतीमागें काळसर ओघळ राहतो. आय्. पी. एस्. प्रकारांत काळा रंग थोडा फिका असतो. पण रंग खरे येतात, कोठूनहि पाहिलें तरी चित्र सारखें दिसतें, आणि वेगहि पुरेसा असतो. घरांतील सर्वांच्या उपयोगासाठीं हा तिसरा प्रकार पत्करावा. खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलेल्या "१ मिलिसेकंद" या शब्दांवर फार भिस्त ठेवूं नये. तो आंकडा बहुधा सर्वांत अनुकूल स्थितींत घेतलेला असतो, आणि तो साधण्यासाठीं पडद्याला इतका ताण द्यावा लागतो कीं, आकृतीभोंवतीं उलट्या रंगाची कड दिसूं लागते.

एका सोयीसाठीं मात्र आग्रह धरावा. कार्डाचा वेग खेळांत क्षणोक्षणीं बदलतो. पडदा आपल्याच ठराविक तालांत चालला, तर अर्धें चित्र जुनें नि अर्धें नवें असें मध्येंच फाटलेलें दृश्य दिसतें. पडद्यानें कार्डाच्या तालावर चालावें, अशी युक्ति निघाली आहे. एन्व्हिडिया कंपनीनें ती २०१३ सालीं जी-सिंक या नांवानें जाहीर केली, ए. एम्. डी. ची फ्रीसिंक २०१५ सालीं बाजारांत आली. २०१९ पासून एन्व्हिडियाचीं कार्डेंहि त्या खुल्या पद्धतीच्या पडद्यांशीं जुळूं लागलीं, त्यामुळें स्वस्त पडद्यांतहि ही सोय आतां मिळते. उलट, वांकडा पडदा, पाठीमागचे रंगीत दिवे, आंत बसविलेले क्षीण ध्वनिक्षेपक आणि कमी उजेडाच्या पडद्यावर मिरविलेली एच्. डी. आर्. ही अक्षरें, यांसाठीं जादा पैसा मोजूं नये. त्यापेक्षां उंची कमीजास्त करतां येणारी बैठक मिळाली, तर मानेला विसांवा मिळतो.

आतां घरीं आणल्यावरची गोष्ट. माझ्या मतें सर्वांत मोठें नुकसान येथें होतें, आणि तें कोणाच्या ध्यानींहि येत नाहीं. नवा पडदा जोडला, चित्र आलें, सर्व खूष झाले. पण विंडोजनें तो ६० हर्ट्झवरच चालविला! पैसे १४४ चे गेले आणि माल ६० चा राहिला. म्हणून सेटिंग्जमध्यें डिस्प्लेच्या प्रगत विभागांत जाऊन तेथें वेगाचा मोठा आंकडा स्वतः निवडावा लागतो. पडद्याची तार पेटीच्या मागें ग्राफिक्स कार्डाच्याच खांचेंत घालावी, मूळ फळीच्या खांचेंत नव्हे. कित्येक स्वस्त पडद्यांत एच्. डी. एम्. आय्. च्या खांचेवरून पूर्ण वेग मिळत नाहीं. तो डिस्प्लेपोर्टवरून मिळतो. कोणत्या खांचेवरून किती वेग मिळतो, हें पुस्तिकेंत छापलेलें असतें. तें दुकानांतच वाचून पाहावें, आणि खोक्यांत तार कोणती दिली आहे तेंहि पाहावें.

समुद्रकाठच्या घरांना आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. खाऱ्या दमट हवेनें तारांचीं धातूचीं टोकें गंजतात आणि चित्र लुकलुकूं लागतें. पडदा समुद्राकडील खिडकीशीं ठेवूं नये. पावसाळ्यांत तो आठवडेच्या आठवडे बंद पडूं देऊं नये. आणि ओल्या फडक्यानें पुसूं नये. वीज जातां-येतां बसणाऱ्या धक्क्यापासून रक्षण करणारी पट्टी लावावी आणि भूमिजोडणी तपासून घ्यावी. २४ इंची पडद्याला वीज २०-३० वॅटच लागते. पण कार्डासह संपूर्ण संगणकाला त्याच्या कैक पट लागते. ६०० व्ही. ए. च्या साध्या यू. पी. एस्. ची प्रत्यक्ष शक्ति ३६० वॅटच्या आसपास असते. खेळ ऐन रंगांत असतां तो बोजा तिला कदाचित् पेलणार नाहीं.

खरेदी कोठें करावी ? ग्रँट रोड स्थानकाजवळचा लॅमिंग्टन रोड, म्हणजे आजचा डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग, संगणकाच्या सामानासाठीं ख्यात आहे. २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धांवूं लागल्यापासून पालघर-बोईसरकरांना तो अधिक सोयीचा झाला आहे. तेथें जाण्याचा लाभ असा कीं, ६० आणि १४४ हर्ट्झचे पडदे शेजारीशेजारीं लावून स्वतःच्या डोळ्यांनीं पारखतां येतात. घरपोंच मागविण्यांतहि गैर नाहीं. मात्र हमी किती वर्षांची, दुरुस्तीला माणूस घरीं येणार कीं पडदा मुंबईला न्यावा लागणार, आणि मेलेले बिंदु आढळल्यास बदलून मिळणार कीं नाहीं, या तीन प्रश्नांचीं उत्तरें लेखी घ्यावींत. पडदा हातीं येतांच काळें, पांढरें, तांबडें, हिरवें आणि निळें अशीं पांच कोरीं चित्रें त्यावर लावून बिंदु तपासावे. परतीची मुदत टळण्यापूर्वीं हें झालें पाहिजे.

शेवटीं आईबापांच्या मनांतील भीतीविषयीं दोन शब्द. खेळ आणि जुगार यांत भेद आहे. पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांना ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें कायद्यानें बंदी केली. त्याच कायद्यानें ई-स्पोर्ट्सना मात्र मान्यता दिली. चीनमधील हांगझौ येथें २०२३ सालीं भरलेल्या आशियाई क्रीडास्पर्धेंत अशा खेळांना पदकेंहि होतीं. याचा अर्थ प्रत्येक मुलगा पदक आणील असा मुळींच नव्हे; परंतु त्याची आवड केवळ हिणवण्याजोगी नाहीं, एवढें खचित. वेळेचें बंधन घालावें, दर वीस मिनिटांनीं दृष्टि दूरवर नेण्याची संवय लावावी, आणि खरेदीचा हिशेब त्यालाच मांडावयास सांगावा. आठवड्याचे आंकडे, कार्डाची ताकद, पडद्याचा भाव आणि हमी, हें सर्व एका कागदावर मांडून तो बापापुढें आला, तर त्या कागदावर दोघांनाहि शांतपणें बोलतां येईल. आणि बंदीच्या दिवसांत पैसा हातीं नसेल, तर तोच कागद नारळीपौर्णिमेनंतर होड्या समुद्रांत गेल्यावर पुन्हां काढावा. तोंवर भाव फार चढतील अशी धास्ती बाळगण्याचें कारण नाहीं. सणासुदीला या मालावर बहुधा सूटच मिळते.