मंडळी, पाळक आणि बिशप



अमेरिकेतील ख्रिस्ती धर्मजीवनावरील एका ग्रंथाच्या मराठी अनुवादकाने कोलकात्यातील मराठी श्रोत्यांपुढे उभे राहावे, हा योग काहींना चमत्कारिक वाटेल. वस्तुतः हा विषय या शहराला मुळीच परका नाही. अमेरिकेतील सर्वांत मोठ्या प्रॉटेस्टंट संघटनेची पूर्वकथा येथील लालबाजारात सुरू होते, आणि महाराष्ट्रात गेलेले पहिले अमेरिकन मिशनरीही याच बंदरावरून पुढे गेले.

अनुवाद करताना मला प्रथम अडविले ते 'चर्च' या शब्दाने. इंग्रजीत इमारतीलाही चर्च म्हणतात, तीत जमणाऱ्या समुदायालाही चर्च, आणि अशा हजारो समुदायांच्या देशव्यापी संघटनेलाही चर्चच. मराठी प्रॉटेस्टंटांनी समुदायासाठी 'मंडळी' हा शब्द रूढ केला. पंगतीला बसतात ती मंडळी आणि उपासनेला जमतात तीही मंडळीच. यापेक्षा घरगुती शब्द सापडणे कठीण. पण या साध्या शब्दात एक मतही दडलेले आहे. मुंबई व अहमदनगर येथील अमेरिकन मिशनरी ज्या पंथाचे होते, त्याच्या मते प्रत्येक स्थानिक मंडळी स्वयंशासित असते. आपला पाळक ती स्वतः निवडते. तिच्यावर बिशप नसतो. चर्च कोणाचे? वरून नेमलेल्या बिशपचे, वडीलजनांच्या सभेचे, की बाकावर बसणाऱ्यांचे? अमेरिकेच्या धार्मिक इतिहासातील पुष्कळशी भांडणे या एका प्रश्नापाशी येऊन थांबतात.

आता लालबाजाराकडे वळू. १८१० मध्ये स्थापन झालेल्या अमेरिकन बोर्डाने १८१२ च्या फेब्रुवारीत आपले पहिले मिशनरी दोन जहाजांतून हिंदुस्थानाकडे धाडले. एका जहाजावर ॲडोनिराम जडसन व त्यांची पत्नी ॲन होती. श्रीरामपूरला आपली गाठ विल्यम कॅरे यांच्याशी पडणार, आणि कॅरे तर बॅप्टिस्ट, म्हणजे अर्भकांना बाप्तिस्मा देणे न मानणारे, हे जडसन जाणून होते. प्रवासात मूळ ग्रीक नव्या कराराचा अनुवाद करीत असता 'बाप्तिस्मा' या शब्दापाशीच ते अडखळले. त्याचा मूळ अर्थ बुडविणे असा असेल, तर बाळाच्या कपाळावर पाणी शिंपडणे याला काय म्हणावे? एका शब्दापायी झोप उडालेल्या त्या तेवीस वर्षांच्या तरुणाविषयी कोणाही अनुवादकाला जिव्हाळा वाटल्यावाचून राहणार नाही. १७ जूनला जहाज कोलकात्यास लागले. ६ सप्टेंबरला लालबाजारच्या प्रार्थनामंदिरात विल्यम वॉर्ड यांनी जडसन पतिपत्नींना पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला. ते मंदिर कॅरे बॅप्टिस्ट चर्च या नावाने आजही उभे आहे.

या कृतीची किंमत लहान नव्हती. ज्या बोर्डाच्या पैशावर ते आले होते, त्याचे अन्न यापुढे खाणे अशक्य झाले. कंपनी सरकारने तर सर्वच अमेरिकनांना देशाबाहेर जाण्याचा हुकूम दिला होता. मागून आलेल्या दुसऱ्या जहाजावरील ल्यूथर राइस यांनीही नोव्हेंबरमध्ये तोच मार्ग धरला. मात्र त्यांच्या बरोबरचे गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट आपल्या पंथातच राहिले, आणि हुकूम चुकवून १८१३ च्या फेब्रुवारीत मुंबईला पोहोचले. मराठी मिशनचा आरंभ तो हा.

जडसन ब्रह्मदेशात गेले. राइस मायदेशी परतले. अमेरिकेतील बॅप्टिस्ट मंडळ्या तोवर विखुरलेल्या होत्या, आणि स्वातंत्र्याचा त्यांना मोठा अभिमान होता. दूरदेशी अडकलेल्या जडसनांना पोसायचे तर सर्वांनी एकत्र येणे भाग होते. राइस यांनी गावोगाव हिंडून ही निकड पटवून दिली आणि १८१४ मध्ये फिलाडेल्फिया येथे त्यांची पहिली राष्ट्रीय संघटना उभी राहिली. कोलकात्यातील एका बाप्तिस्म्याने अमेरिकेतील चर्चजीवनाचा आकार असा पालटला. पुढे गुलामांचा मालक मिशनरी होऊ शकतो काय, या वादावरून १८४५ मध्ये ही संघटना दुभंगली आणि दक्षिणेकडील मंडळ्यांनी सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन स्थापन केले. आज तिची सभासदसंख्या सव्वा कोटीच्या घरात आहे.

महाराष्ट्रातील शाखेने निराळेच वळण घेतले. मंडळी स्वयंशासित, असे शिकविणाऱ्या मिशनऱ्यांनी चाव्या बराच काळ स्वतःकडेच ठेवल्या. हरी रामचंद्र खिस्ती व रामकृष्ण विनायक मोडक यांना पाळक म्हणून दीक्षा मिळाली ती १८५४ मध्ये, म्हणजे मुंबईतील आरंभानंतर एक्केचाळीस वर्षांनी. पगार मिशनचा, म्हणून शब्दही मिशनचा, ही अवस्था पुढेही राहिली. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१७ मध्ये मिशनच्या नोकरीतून मोकळे झाले आणि 'देवाचा दरबार' ही कल्पना त्यांनी मांडली, ती याच पार्श्वभूमीवर. कोलकात्यात कालीचरण बॅनर्जी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याआधी तीस वर्षे, १८८७ मध्ये, पंथभेदापलीकडचा 'ख्रिस्तो समाज' काढला होता. दोन्ही प्रयत्न फार टिकले नाहीत. म्हणून ते फसले असे मात्र मी म्हणणार नाही.

बिशपांच्या परंपरेतही संथपणा तोच. कोलकात्याचे अँग्लिकन बिशपपद १८१४ चे. पण पहिले हिंदी अँग्लिकन बिशप, व्ही. एस. अझरिया, यांचा अभिषेक येथील सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये झाला तो १९१२ च्या डिसेंबरात. कोलकात्याच्या बिशपपदी हिंदी माणूस यायला तर १९५० उजाडले. ते होते अरविंदनाथ मुखर्जी.

लालबाजारात जो प्रश्न फुटीला कारण झाला, त्याला आपल्या देशात एक उत्तर मिळाले, आणि तेही नागपुरात. २९ नोव्हेंबर १९७० रोजी तेथील ऑल सेंट्स कॅथीड्रलमध्ये सहा चर्चसंस्था एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले. बाळाचा बाप्तिस्मा आणि प्रौढ श्रद्धावंताचा बाप्तिस्मा, दोन्ही रीती ग्राह्य मानल्या गेल्या. बिशपही राहिले आणि निर्वाचित सभाही. मूळच्या अमेरिकन परंपरेतील मेथडिस्ट चर्च मात्र ऐनवेळी बाहेर पडले. ही तडजोड धर्मपंडितांच्या वाटाघाटींतून आली, बाकावरील मंडळींतून उगवली नाही, हा आक्षेप मला बराचसा मान्य आहे. तरीही १८१२ मध्ये जडसन व हॉल यांना एका संस्थेत राहता आले नव्हते, ते त्यांच्या वारसांना येथे शक्य झाले, हे थोडे नव्हे.

अमेरिकेत मात्र फाटाफूट थांबलेली नाही. समलिंगी व्यक्तींचे विवाह व त्यांना द्यावयाची दीक्षा या वादातून २०१९ ते २०२३ या काळात सात हजार सहाशेहून अधिक मंडळ्या युनायटेड मेथडिस्ट चर्च सोडून गेल्या. तेथे मंदिराची मिळकत विश्वस्तनिधी म्हणून मूळ संस्थेकडे बांधलेली असते. त्यामुळे बाहेर पडणाऱ्यांना पैसे मोजून आपलेच छप्पर सोडवून घ्यावे लागले. तत्त्वाची भांडणे अखेर सातबाऱ्यावर येतात, हे मराठी माणसाला समजावून सांगायला नको. याच काळात पायाही खचत होता. गॅलपच्या पाहणीनुसार १९९९ मध्ये ७० टक्के प्रौढ अमेरिकन कोणत्या ना कोणत्या प्रार्थनास्थळाचे सभासद होते. २०२० मध्ये ते प्रमाण ४७ टक्क्यांवर आले.

स्त्रियांच्या नेतृत्वाविषयीही तेथे एकवाक्यता नाही. बार्बरा हॅरिस या १९८९ मध्ये जगातील पहिल्या अँग्लिकन स्त्री-बिशप झाल्या, त्या अमेरिकेतच. त्याच अमेरिकेत सदर्न बॅप्टिस्टांनी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियातील एका अतिविशाल मंडळीला स्त्रियांना पाळक नेमल्याबद्दल बाहेर काढले. मंडळी स्वयंशासित असल्याने त्या पाळकांना पदावरून हटविण्याचा अधिकार कन्व्हेन्शनला नव्हता. नाते तोडणे एवढेच तिच्या हाती होते. आपल्याकडे चर्च ऑफ साउथ इंडियात ई. पुष्पा ललिता २०१३ मध्ये नंद्यालच्या बिशप झाल्या.

या ठिकाणी अनुवादकापुढे शेवटची अडचण उभी राहिली. 'पाळक' हा शब्द व्याकरणाने पुल्लिंगी. 'पाळिका' करून पाहिले. तो नगरपालिकेजवळ जाऊन बसतो. अखेर 'त्या डॉक्टर' म्हणतो त्याच न्यायाने मी सर्वत्र 'त्या पाळक' असेच छापले आहे.