धान्याची गाडी केव्हा येणार?

(मलकापूर येथे सरपंच, ग्रामपंचायत सदस्य, शिक्षक व रास्त भाव दुकानदार यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



मलकापूरमधून पुणे-बंगळूर राष्ट्रीय महामार्ग जातो. ढेबेवाडी फाट्याशी घटकाभर उभे राहिले की, मालमोटारींच्या अखंड रांगेतून एखादी मोटार वळते आणि विंग, कोळे या गावांच्या दिशेने निघून जाते. ती कुणाच्या लक्षातही राहत नाही. परंतु तीच मोटार शासकीय गोदामातील धान्याची असेल, तर पुढच्या गावात तिची वाट कित्येक दिवसांपासून पाहिली जात असते. दुकानाच्या पायरीशी एकच प्रश्न रोज ऐकू येतो, "दादा, गाडी आली का?" आणि त्याचे उत्तरही ठरलेले, "परवा बघा, मावशी." हा 'परवा' नेमका कोणत्या वारी उगवावा, हे ठरविता येते की नाही, एवढाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात त्याची अंमलबजावणी १ फेब्रुवारी २०१४ पासून सुरू झाली. प्राधान्य कुटुंबातील प्रत्येक व्यक्तीस दरमहा ५ किलो व अंत्योदय कुटुंबास ३५ किलो धान्य मिळणे हा त्यामुळे हक्क ठरला. १ जानेवारी २०२३ पासून हे धान्य विनामूल्य देण्यात येत आहे. या अधिनियमाने आणखी एक जबाबदारी राज्य शासनावर टाकली, तिची चर्चा मात्र क्वचितच होते. केंद्राच्या गोदामातून उचललेले धान्य प्रत्येक रास्त भाव दुकानाच्या दारापर्यंत पोचविले पाहिजे, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. दुकानदाराने भाड्याची गाडी घेऊन गोदामाशी ताटकळत राहावयाचे, भाडे आणि हमाली कोठून तरी भरून काढावयाची, आणि ती कोठून भरून निघते हे सर्वांनी जाणूनही न बोलावयाचे, या जुन्या रिवाजावरचा उपाय म्हणजे द्वारपोच योजना.

धान्य विनामूल्य झाले, तरी ते घरी आणण्यास किंमत पडतेच. शेतमजुरी करणाऱ्या स्त्रीला दुकानात जाण्यासाठी कामाचा खाडा करावा लागतो. पहिल्या खेपेला दुकान बंद, दुसऱ्या खेपेला गहू आला पण तांदूळ आला नाही, तिसऱ्या खेपेला अंगठ्याचा ठसा यंत्र घेत नाही, असे झाले म्हणजे तीन दिवसांची मजुरी बुडते. चौघांच्या कुटुंबाचे धान्य २० किलो. तीन दिवसांच्या मजुरीत तेवढे धान्य बाजारातून घेता आले असते, असा हिशोब ती बाई मनातल्या मनात करीत असते आणि तो चुकीचा नसतो. यंत्राच्या ठशाचा प्रश्न वेगळा आहे. पहिल्या दोन खेपा मात्र गोदामातील नियोजनाने वाचण्यासारख्या आहेत.

नियोजन म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहता येईल. एका दुकानास ९०० प्राधान्य लाभधारक जोडलेले आहेत असे समजा. त्यांचे धान्य ४५ क्विंटल, म्हणजे ५० किलोची ९० पोती. त्याच दुकानात ४० अंत्योदय शिधापत्रिका असतील, तर आणखी १४ क्विंटल, म्हणजे २८ पोती. एकूण ११८ पोती झाली. १० टनांच्या मालमोटारीत २०० पोती बसतात. अर्थात एका दुकानाने गाडी भरत नाही आणि अशी दोन दुकाने एका गाडीत मावत नाहीत. गाडी अर्धवट धावली तर भाडे वाया जाते. दुसऱ्या मोठ्या दुकानाची थोडी पोती तिच्यात कोंबली, तर त्या दुकानाला उरलेल्या पोत्यांसाठी दुसऱ्या फेरीची वाट पाहावी लागते. 'गहू आला, तांदूळ नाही' या तक्रारीचा उगम पुष्कळदा येथेच असतो. परंतु त्याच वाटेवर पुढे ८० पोत्यांची एखादी वाडी असेल, तर ११८ आणि ८० मिळून गाडी जवळजवळ पूर्ण भरते व दोन्ही दुकाने एका दिवसात मोकळी होतात. ज्याची कागदपत्रे आधी आली त्याची गाडी आधी, ही पद्धत वरवर न्याय्य दिसते. तिच्यामुळे एकाच वाटेवर आठवड्यात तीनदा अर्धवट गाड्या धावतात आणि दुसरी वाट कोरडी राहते. तालुक्याच्या नकाशावर दुकानांची वाटेनुसार जोडी एकदा लावून घेतली, तर दर महिन्याला नवा खल करावा लागत नाही.

गाडी भरण्याचाही क्रम असतो. वाटेत जे दुकान शेवटी लागते, त्याचे धान्य सर्वांत आधी, केबिनच्या बाजूला भरले पाहिजे. हे सांगण्याची गरज का पडावी, असे कोणास वाटेल. परंतु पहिल्या गावात पन्नास पोती खाली उतरवून, मागची काढून, पुन्हा ती पन्नास चढविण्याचा प्रसंग ज्यांनी पाहिला आहे, त्यांना त्यातील तास-दीड तासाची किंमत ठाऊक आहे. तो तास शेवटच्या गावाच्या वाट्यातून जातो. तेथे गाडी दिवेलागणीनंतर पोचते, चालकाला परतण्याची घाई असते, वजनकाटा बाहेर काढावयास कोणी तयार नसते, आणि पोती नुसती मोजून सही होते. गोणीचे स्वतःचे वजन साधारण अर्धा किलो असते. गोणीसकट ५० किलो भरलेले पोते ५० किलो धान्य म्हणून स्वीकारले, तर ११८ पोत्यांमागे साठ किलोच्या आसपास तूट येते. ती म्हणजे बारा माणसांचा महिन्याचा वाटा. तूट दुकानदाराच्या खात्यावर पडते आणि तेथून ती मापात उतरते. अंधारात उतरविलेल्या धान्याचा भुर्दंड कोण भरतो, ते यावरून ध्यानात येईल.

गोदामाच्या आत गेले की, पहिली गोष्ट दिसते ती थप्पी. लाकडी फळ्यांवर, भिंतीपासून माणूस फिरू शकेल इतके अंतर सोडून, प्रत्येक थरात सारखी पोती लावलेली थप्पी असेल, तर थर मोजून साठा सांगता येतो. वेडीवाकडी रास असेल, तर कोणालाच काही सांगता येत नाही. दाराजवळची थप्पी हाताशी असते म्हणून तीच आधी उचलली जाते, मागची महिनोन्‌महिने राहते आणि धान्याला टोके लागतात. ते धान्य पुढे कोणत्या तरी वाडीच्या वाट्याला येते. आधी आलेला माल आधी बाहेर, हा नियम प्रत्येक गोदामपालाला पाठ असतो. तो पाळता यावा म्हणून दोन थप्प्यांमध्ये वाट सोडण्याची जागा मात्र बहुधा नसते.

या सर्व हालचालीचा भार प्रत्यक्षात माणसाच्या पाठीवर आहे. २०० पोती म्हणजे १० टन. सहा हमालांची टोळी असेल, तर एकेकाच्या वाट्याला तेहतीस-चौतीस पोती, म्हणजे दीड टनाहून अधिक ओझे, आणि तेही एका गाडीपुरते. थप्पीवरून काट्यावर, काट्यावरून जमिनीवर, जमिनीवरून गाडीत, असे तेच पोते तीनदा उचलले जाते. वजनकाटा थप्पी आणि गाडी यांच्या मधोमध वाटेवर ठेवला, तर काट्यावरून पोते सरळ गाडीत जाते. एक उचल वाचते आणि एका गाडीमागे दहा टनांचे ओझे माणसांच्या अंगावरून कमी होते. त्यासाठी निधी लागत नाही, काटा चार पावले सरकवावा लागतो. हुकांचा वापर टाळला, तर गोण्या फाटून होणारी सांडलवंडही थांबते.

एके काळी पोते सुमारे शंभर किलोचे असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ साली प्रौढ पुरुषाने उचलावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा शिफारसीत घातली. आज गोदामात ५० किलोचे पोते रूढ आहे, त्यामागे हमालांच्या चळवळीचा दीर्घ इतिहास आहे. त्या इतिहासाचा एक धागा ढेबेवाडी फाट्यावरून जाणाऱ्या याच रस्त्याने पुढे मिळतो. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातील मंद्रुळकोळ्याचे. मुंबईच्या बाजारपेठेत आणि गोदींत ओझी वाहणाऱ्यांत सातारा-सांगलीकडील माणसे मोठ्या संख्येने होती. त्यांच्या संघटित रेट्यामुळेच महाराष्ट्रात १९६९ साली माथाडी, हमाल व इतर श्रमजीवी कामगारांसंबंधीचा अधिनियम झाला. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांच्या हमाल पंचायतीने १९७४ मध्ये 'कष्टाची भाकर' हे केंद्र सुरू केले, ते धान्याची पोती वाहणाऱ्यालाच परवडणारे जेवण मिळत नाही, या जाणिवेतून. वेळापत्रक आखताना हमालांच्या टोळीला बहुतेक वेळा विचारले जात नाही. सकाळी आठला आलेली टोळी अकरापर्यंत परवान्याच्या कागदाची वाट पाहत बसते, आणि मग पाच गाड्या एकदम दाराशी लागतात. कागद आदल्या संध्याकाळी तयार ठेवून पहिली गाडी आठला, दुसरी दहाला अशा वेळा दिल्या, तर तेवढ्याच माणसांत तेवढ्याच दिवसात अधिक गाड्या निघतील, आणि कोणाची पाठ मोडणार नाही.

कराड भागाचा आणखी एक विशेष आहे. यशवंतनगरचा सह्याद्री आणि रेठऱ्याचा कृष्णा, हे दोन मोठे सहकारी साखर कारखाने येथे आहेत. गळीत हंगाम सुरू झाला की, वाहने आणि मजूर उसाकडे वळतात, आणि उसाच्या ट्रॉल्यांमागे धान्याची गाडीही रांगेत अडकते. त्याच सुमारास बीड व मराठवाड्याच्या इतर भागांतून ऊसतोड कुटुंबे येऊन फडांवर राहतात. शिधापत्रिकेवरील धान्य आता राज्यातील कोणत्याही रास्त भाव दुकानातून घेता येते. ऑगस्ट २०१९ मध्ये ही सोय राज्याच्या सीमेपलीकडेही सुरू झाली, तेव्हा महाराष्ट्र व गुजरात ही पहिल्या जोडीतील राज्ये होती. हक्क असा माणसाबरोबर प्रवास करू लागला, परंतु पोती त्याच्याबरोबर आपोआप येत नाहीत. कारखान्याच्या परिसरातील दुकानास जुलैइतकेच धान्य डिसेंबरात दिले, तर तोडकरी बाईला दुकानदार "साठा संपला" म्हणणार, आणि स्थानिक शिधापत्रिकाधारक तिच्याकडे आपला घास पळविणारी म्हणून पाहणार. गावात किती टोळ्या उतरल्या आहेत, हे ग्रामपंचायत सदस्याला आणि शाळेतील शिक्षकाला पुरवठा निरीक्षकाच्या आधी कळते. हा आकडा हंगामाच्या आरंभीच तहसील कार्यालयास कळविला, तर जादा पोती वेळेवर मागविता येतील. तक्रार झाल्यावर कळवून काही साधत नाही, तोवर टोळी पुढच्या फडावर गेलेली असते.

या यंत्रणेवर एकाएकी भार वाढण्याचे प्रसंगही येऊन गेले आहेत. करोनाच्या साथीत, एप्रिल २०२० पासून, नेहमीच्या धान्याखेरीज प्रत्येक व्यक्तीस आणखी ५ किलो धान्य मोफत देण्यात येऊ लागले आणि मधला काही काळ वगळता ते डिसेंबर २०२२ पर्यंत चालले. गोदामे तीच, हमाल तेच, पोती मात्र जवळजवळ दुप्पट झाली. २०२५ मध्ये पावसाळ्याच्या तोंडावर जून ते ऑगस्ट या तीन महिन्यांचे धान्य एकदम देण्याचे ठरले, तेव्हा ११८ पोत्यांच्या दुकानात ३५४ पोती ठेवावयाची कोठे, हा प्रश्न उभा राहिला. ज्या गावाने समाजमंदिराची एखादी कोरडी खोली अशा वेळेसाठी आधीच हेरून ठेवली असेल, तेथे गाडीला परत फिरावे लागत नाही.

ऑगस्ट २०१९ चा महापूर तर या परिसराने जवळून पाहिला. कृष्णा, वारणा व पंचगंगेच्या पाण्याने सांगली-कोल्हापूरकडे हाहाकार उडाला, शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद राहिला. राज्याच्या कानाकोपऱ्यांतून मदतीच्या गाड्या निघाल्या. जनतेच्या औदार्याला सीमा नव्हती, पण कोणत्या गावात काय पोचले याची नोंद एका ठिकाणी नव्हती. रस्त्यालगतच्या गावांत मदत पुन्हापुन्हा पोचली आणि आडबाजूची गावे वाट पाहत राहिली. १९७२ च्या दुष्काळात माण, खटाव, आटपाडी, जत या भागांत कामांवर सुकडी वाटली गेली, ती हजेरीपटाच्या आधारे. त्या हजेरीपटाला लोक नावे ठेवीत, पण कोणाला मिळाले नाही, हे त्यावरून निदान कळत असे.

शिक्षकांचा या विषयाशी संबंध दुहेरी आहे. शालेय पोषण आहाराचा तांदूळ इयत्ता पहिली ते पाचवीसाठी दरडोई दररोज १०० ग्रॅम आणि सहावी ते आठवीसाठी १५० ग्रॅम या प्रमाणात शाळेत येतो. १९९५ साली ही योजना आली तेव्हा विद्यार्थ्याला महिन्याला ३ किलो तांदूळ घरी दिला जाई, पुढे शाळेत शिजविलेले अन्न देणे सुरू झाले. तांदळाची गाडी बहुधा तास चालू असतानाच दाराशी येते. दोनशिक्षकी शाळेत एका गुरुजींना वर्ग सोडून वजन पाहावे लागते किंवा वजन न पाहता सही करावी लागते. गाडीचा वार आधी कळला, तर शालेय व्यवस्थापन समितीतील दोन पालकांना त्या दिवशी काट्याशी उभे करता येते.

वार कळविण्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. गोदामातून गाडी निघण्यापूर्वी तिची तारीख आणि पोत्यांची संख्या दुकानदाराइतकीच ग्रामपंचायतीलाही कळावी आणि ती फलकावर खडूने लिहिली जावी. गव्हाची इतकी, तांदळाची इतकी, वाटप अमुक वारापासून, संध्याकाळीही दुकान उघडे. गावच्या दक्षता समितीने उतरलेली पोती त्या आकड्याशी ताडून पाहावीत. चूक निघाली तर त्याच दिवशी ती चलनावर लिहून घ्यावी, महिन्याच्या शेवटी लिहिलेली चूक कोणी मान्य करीत नाही.

राहता राहिला पावसाळा. मेळघाटासारख्या दुर्गम भागांत पावसाळ्यापूर्वीच काही महिन्यांचे धान्य पोचविण्याची पद्धत फार पूर्वीपासून आहे. कराड-पाटणच्या डोंगरकपारीतील वाड्या एवढ्या दूर नसल्या, तरी जुलैत एखादा ओढा फुगला की, भरलेली गाडी अलीकडच्या गावातच थांबते. वाटेच्या टोकाची वाडी एरवी शेवटच्या फेरीत येते. जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत तरी ती पहिल्या फेरीत घेतली पाहिजे. रस्त्यालगतच्या दुकानाला चार दिवस उशीर झाला तरी गाडी तेथे जाऊ शकते, त्या वाडीला ती सोय नसते.