दुखण्याचा खर्च आणि राज्याचे कर्तव्य



भाषेच्या हक्कासाठी भरलेल्या या सभेत आम्ही औषधपाण्याच्या खर्चाविषयी बोलणार, याचे कित्येकांस नवल वाटेल. परंतु ज्या घरचा मिळवता माणूस अंथरुणास खिळला आहे, त्या घरास दुसरा कोणताही प्रश्न सुचत नाही, हे आपण सारे जाणतो.

अमेरिकेसारख्या संपन्न देशाकडे पाहा. १९६० साली तेथील राष्ट्रीय उत्पन्नातील शंभर डॉलरांपैकी पाच डॉलर आरोग्यावर खर्च होत. २०२३ साली सतरांहून अधिक झाले. उत्पन्न वाढले खरे, पण दुखण्याचा खर्च त्याच्याही पुढे धावला. भाजी महाग वाटली तर गृहिणी ती घेत नाही. छातीत कळ आलेला रोगी मात्र भाव करीत बसत नाही. कोणती तपासणी करावयाची आणि इस्पितळात किती दिवस ठेवावयाचे, हे पैसे घेणाराच ठरवितो. जेथे धंदा मोकळा आणि ग्राहक अगतिक, तेथे किंमत चढतच जावयाची.

आपल्या देशाचे काय? सरकारी हिशेबाप्रमाणे २०१३-१४ साली एकूण आरोग्यखर्चापैकी ६४.२ टक्के रक्कम लोकांनी थेट खिशातून भरली. २०२१-२२ साली हे प्रमाण ३९.४ टक्क्यांवर आले. ही सुधारणा आम्ही नाकारीत नाही. परंतु वाटा घटला म्हणजे बोजा हलका झाला, असे नव्हे. ती उरलेली रक्कमच साडेतीन लाख कोटी रुपयांहून अधिक होती. विम्याचे हप्ते निराळेच. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या २.५ टक्के सरकारी खर्चाचे वचन दिले होते. महामारीच्या २०२१-२२ सालीदेखील तो खर्च १.८४ टक्केच झाला. तिजोरी जेथे हात आखडते, तेथे शेतकऱ्याचे दागिने गहाण पडतात.

सीमाभागात या दुखण्यावर आणखी एक डागणी आहे. महाराष्ट्र शासनाने २०२३ साली महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना येथील ८६५ गावांस लागू करण्याचे ठरविले. कर्नाटक सरकारने त्यास हरकत घेतली. आम्ही विचारतो, रोग्याच्या उशाशी दोन राज्यांनी भांडावे, हा कोणता न्याय? बंगळूरला आमचे सांगणे असे की, तुमची योजना आमच्या माणसास मराठीत समजावून द्या आणि दुसऱ्याने दिलेल्या मदतीच्या आड येऊ नका. मुंबईला सांगणे असे की, घोषणेने ताप उतरत नाही. मिरज-कोल्हापूरच्या इस्पितळांतून आमचा माणूस कागदाअभावी परत फिरता कामा नये.

आणि कार्यकर्त्यांनो, सरकारची वाट पाहत बसू नका. गल्लोगल्ली आणि गावोगावी प्रत्येक कुटुंबाचे कागद आजारपण येण्यापूर्वीच तयार करवून घ्या. ज्या चळवळीला आपल्या माणसाचे दुखणे कळते, तिलाच त्याचे मन कळते.

जय महाराष्ट्र!