हिवाळ्यात बंद घर आणि आतला धूर



मी सॉफ्टवेअर इंजिनीअर आहे, डॉक्टर नाही. म्हणून औषधांबद्दल बोलणार नाही. बोलायचंय ते हवेबद्दल, आणि तेही आपल्या घरातल्या हवेबद्दल.

खान्देशच्या उन्हाळ्याची चर्चा सगळीकडे होते, हिवाळ्याची कमी. पण डिसेंबर-जानेवारीत धुळ्याचा पारा १० अंशांच्या खाली उतरतो, तेव्हा आपण काय करतो? खिडक्या लावून घेतो, दाराखालची फट गोधडीने बुजवतो आणि त्या बंद घरात एकेक गोष्ट पेटवत जातो. पहाटे अंघोळीच्या पाण्याचा बंब, मग कळण्याच्या भाकरीसाठी चूल, दादीसाठी शेगडी, मगरिबनंतर लोबान, रात्री मच्छरांची कॉइल.

राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रम जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. हवेची मानकं न गाठणाऱ्या शहरांच्या यादीत जळगाव आहे, धुळे नाही. म्हणून धुळेकरांनी निश्चिंत होऊ नये. ती यादी बाहेरच्या हवेच्या मोजणीवरून बनते. चुलीपुढे बसलेल्या बाईच्या नाकाशी कुठलंही सरकारी यंत्र लावलेलं नसतं.

आता थोडं गणित. धुरातल्या सर्वांत घातक कणांना पीएम २.५ म्हणतात. अडीच मायक्रॉन किंवा त्याहून बारीक असे हे कण फुप्फुसात खोलवर जातात. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये यांची २४ तासांची सरासरी मर्यादा एका घनमीटरला १५ मायक्रोग्रॅम ठरवली. भारताची मर्यादा ६० आहे. आपली नेहमीची खोली १० बाय १२ फुटांची आणि १० फूट उंच, म्हणजे साधारण ३४ घनमीटर. ३४ गुणिले १५ म्हणजे ५१० मायक्रोग्रॅम, जेमतेम अर्धा मिलिग्रॅम. मिठाच्या आठ-दहा कणांचं वजन तेवढं भरेल. एवढासा धूर बंद खोलीत तरंगला की हवा त्या मर्यादेला टेकली.

आणि आपण किती धूर करतो? २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात असं आढळलं, की एक मच्छर कॉइल जळली की ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण बाहेर पडतात. घरात कुणी एक सिगारेट पेटवली तर आपण त्याला बाहेर काढतो. कॉइल मात्र बाळाच्या पाळण्याखाली ठेवतो.

बाळंतिणीच्या खोलीबद्दल तर बोललंच पाहिजे. चाळीस दिवस दारं-खिडक्या बंद, आत निखाऱ्यांची शेगडी, ओव्याची आणि लोबानाची धुरी. यात मुसलमान आणि हिंदू घरांत फार फरक नाही. यामागची माया खरी आहे, पण नवजात बाळ मिनिटाला ४० ते ६० वेळा श्वास घेतं, मोठं माणूस १२ ते २० वेळा. लाल निखारे धूर देत नाहीत, म्हणून ते निर्धोक वाटतात. त्यांतून कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेपटींहून जास्त घट्ट चिकटतो. माणूस झोपेतच जातो. बंद बाथरूममधल्या गॅस गिझरचा धोकाही हाच. तो बाथरूमच्या बाहेरच बसवायचा. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० मध्ये घरातल्या धुराने जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावली. त्यांत पाच वर्षांखालची मुलं २ लाख ३७ हजारांहून जास्त होती.

हा धूर कोण घेतं? आपण मुलगे कॉलेजला, कामाला, नाक्यावर जातो. घरात राहतात अम्मी, भाभी, दादी आणि तान्हं बाळ. उज्ज्वला योजना मे २०१६ मध्ये आली, शेगडी-सिलिंडर घरात पोहोचले. तरी पुष्कळ घरांत चहा गॅसवर होतो आणि भाकरी, अंघोळीचं पाणी पऱ्हाटीवर. मोबाइलचा रिचार्ज संपला तर त्याच दिवशी होतो, सिलिंडर संपला की चूल पेटते. हा फक्त पैशांचा प्रश्न नाही, कुणाच्या श्वासाला किती किंमत द्यायची याचा आहे.

दुसरी गोष्ट खिडकीची. मोहल्ल्यातल्या अरुंद गल्लीत स्वयंपाकघराची खिडकी समोरच्या घरात उघडते, म्हणून पडद्यासाठी ती कायम बंद. याला साधा उपाय आहे. सहा-सात फुटांवर जाळीचा झरोका ठेवा. गरम धूर वरच जातो, तो निघून जाईल आणि बाहेरून आतलं दिसणारही नाही. घर बांधताना मिस्त्रीला हे सांगायला खर्च जवळजवळ नाही.

बाकीचं थोडक्यात सांगतो. आधी धूर कमी करा, मग हवा खेळती ठेवा, हा क्रम लक्षात असू द्या. कॉइलऐवजी मच्छरदाणी लावा. सुगंध हवा तर अत्तर आहे, अत्तराला धूर नसतो. लोबान लावायचाच तर थोडा वेळ, खिडकी उघडी ठेवून, बाळापासून दूर. बंब अंगणात न्या. आपल्याकडे ऊन भरपूर आहे, जमेल त्यांनी गच्चीवर सोलर बसवावा. दादीला शेगडीऐवजी गरम पाण्याची पिशवी द्या. एक्झॉस्ट फॅन फोडणीच्या आधी लावा, नंतर दहा मिनिटं चालू ठेवा, आणि हवा आत यायला दाराची फट राहू द्या.

खिडकी कधी उघडायची? हिवाळ्यात रात्री जमीन थंड होते. थंड हवेचा थर खाली बसतो आणि गल्लीतला धूर त्यात अडकतो. ऊन तापलं की तो थर मोडतो. म्हणून साधारण ११ ते ४ या वेळात समोरासमोरच्या खिडक्या उघडा. पण घरात काही जळत असेल तेव्हा वेळ पाहू नका, उघडाच. एअर प्युरिफायर कण गाळतो, कार्बन मोनॉक्साइड नाही, म्हणून त्याच्या भरवशावर शेगडी आत ठेवू नका.

खान्देशात भरताची वांगी पऱ्हाटीवर शेतात भाजतात. मोकळ्या आभाळाखाली तो धूर विरून जातो. तीच पऱ्हाटी बिनखिडकीच्या खोलीत रोज जळते, तेव्हा त्या धुराला जायला जागा फक्त अम्मीच्या छातीत असते.

या आठवड्यात एक काम करा. घरात स्वयंपाक चालू असताना पंधरा मिनिटं आत थांबा, काम करू लागा. डोळे चुरचुरले तर बाहेर येऊन गप्प बसू नका. झरोक्याचा, सिलिंडरचा, पंख्याचा खर्च त्याच दिवशी घरात मांडा. आणि तो मांडताना जी रोज तिथे उभी असते, तिला आधी विचारा.