वारसा कोणाचा, शिबिर कोणाचे?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुणे शहरात मुलांच्या शिबिरांचे पेव फुटते. सांस्कृतिक वारशाची ओळख आणि मनाचे स्वास्थ्य ही त्यांपैकी अनेकांची ब्रीदवाक्ये असतात. ब्रीदे चांगलीच आहेत. परंतु वारसा कोणाचा आणि स्वास्थ्य कोणाच्या मुलाचे, हे विचारल्यावाचून समाजवादी कार्यकर्त्याला पुढे जाता येणार नाही. शुल्क परवडणाऱ्या घरांतील मुलेच जेथे जमतात, ते शिबिर म्हणजे त्याच शाळेचा आणि त्याच सोसायटीचा सुट्टीतील विस्तार होय.

पुण्याला हा प्रश्न नवा नाही. ४ जून १९४१ रोजी याच शहरात राष्ट्र सेवा दलाची नव्याने उभारणी झाली आणि एस. एम. जोशी दलप्रमुख झाले. सर्व जातिधर्मांच्या मुलामुलींनी एका मैदानावर खेळावे, एका पंक्तीला जेवावे, ही दलाची भूमिका होती. गावोगावी पाणवठेही वेगळे असण्याच्या त्या काळात सहभोजन हाच मोठा पाठ होता. पंक्तीत सन्मानाने जागा मिळालेल्या मुलाच्या मनाला जे बळ लाभते, ते कोणत्याही व्याख्यानाने लाभत नाही.

साने गुरुजींना रडवे म्हणून हिणवणारे पुष्कळ झाले. पण भावनेलाही शिक्षण लागते, हे त्यांनी ओळखले होते. १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये पोहण्याच्या भीतीने लपून बसलेल्या श्यामला आई शिंपटीने मारते. तो मार आज कोणी समर्थनीय मानू नये. तथापि प्रसंग तेथे संपत नाही. मुलगा पोहून परतल्यावर त्याचे वळ पाहून आईचे डोळे भरून येतात आणि आपण का मारले, हे ती त्याला सांगते. मोठ्या माणसाने मुलाजवळ मन उघडे करावे, ही गोष्ट आजच्या शिबिरचालकांनीही घ्यावी अशी आहे.

आता वारशाविषयी. शिबिरातील मुलांना १७३२ साली बांधून झालेला शनिवारवाडा दाखवतात, ते योग्यच आहे. पण तीच मुले पुढे गंज पेठेतील महात्मा फुल्यांच्या वाड्यापर्यंत चालत गेली पाहिजेत. जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला केला. तो का खुला करावा लागला, हे मुलांनी विचारले पाहिजे आणि त्यांना खरे उत्तर मिळाले पाहिजे. कोवळ्या मनांना जात कशाला सांगावी, असा आक्षेप येतो. ज्या मुलाला आडनाव विचारून बाजूला बसवले गेले, त्याला जात केव्हाच कळलेली असते. ती कळत नाही, ती शेजारच्या मुलाला. मौनाने पहिल्याचे दुःख कमी होत नाही आणि दुसऱ्याचे अज्ञान जात नाही.

वारसा म्हणजे केवळ जपून ठेवायची वस्तू नव्हे. सेवा दलाच्या कलापथकाने पोवाडा आणि लोकनाट्य हे जुने प्रकार घेतले व त्यांतून समतेचा विचार लोकांपर्यंत नेला. वसंत बापटांसारखा कवी आणि लष्करी वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम केलेले निळू फुले, दोघेही त्या पथकात घडले आणि त्यांनी ते घडवले. परंपरेत स्वतःची भर घालता येते हे उमगले, की मूल तिचे प्रेक्षक राहत नाही, वारस होते.

म्हणून करावयाचे काम साधे आहे. सुट्टीत महापालिकेच्या शाळांच्या इमारती आणि मैदाने रिकामी असतात. शिबिरे तेथे भरवावीत. शुल्क ऐपतीप्रमाणे घ्यावे, पण कोणी किती दिले हे मुलांना कळू नये. जेवण सर्वांना एकच असावे. वस्तीतील आणि बांधकाम मजुरांच्या मुलांसाठी मदत म्हणून निराळे शिबिर काढण्याचा मोह टाळावा, कारण उपकाराची जाणीव मुलाला लहानपणीच वाकवते. त्या मुलांना आजीची ओवी, वाघ्यामुरळीचे गाणे, बापाच्या हातची कारागिरी ठाऊक असते. त्यांनी ती शिकवावी आणि इतरांनी शिकावी. एखादे मूल गप्प बसले, तर त्याच्यापाशी बसायला एक मोठे माणूस मोकळे असावे.

शिबिर संपल्यावर मुले परस्परांच्या घरी जाऊ लागली, तरच ते यशस्वी झाले असे मानावे.